काळी, पांढरी आणि घराचा पाया



आपल्याकडे गावच्या जमिनीची जुनी वाटणी दोन शब्दांत होत असे. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीत पिकवायचे आणि पांढरीत राहायचे, असा सरळ व्यवहार होता. गाव वसवणाऱ्यांनी वस्तीची जागा पुष्कळदा जरा उंचवट्यावर, मुरमाड जमीन पाहून धरली. पुराचे पाणी तिथे चढत नसे आणि चांगले शेतही मोडत नसे. मग पिढ्यान्‌पिढ्या तिथे मातीची घरे उभी राहिली, पडली, त्यांच्याच मातीवर पुन्हा नवी उठली, आणि पांढरी अधिकच पांढरी झाली.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत गावे पांढरीत मावेनाशी झाली. रस्त्याकडेचे शेत बिनशेती झाले, त्यात प्लॉट पडले. शाळा तिकडे गेली, दवाखाना तिकडे गेला, घरकुले तिकडे उभी राहिली. म्हणजे वस्ती पांढरीतून उतरून काळीत आली. आणि मग एक तक्रार गावोगाव ऐकू येऊ लागली. घर नवे, विटा पक्क्या, सिमेंट चांगले, तरी चार-पाच वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. दार चौकटीत अडकते. फरशी मधोमध फुगते. कर्ज फिटायच्या आत घर म्हातारे दिसू लागते.

अशा वेळी दोष कुणाला द्यायचा, यावर मोठा खल होतो. कुणी म्हणतो, गवंड्याने सिमेंट खाल्ले. कुणी म्हणतो, वीट कच्ची होती. कुणी म्हणतो, जागाच लागीर आहे, शांत करून घ्या. यातले पहिले दोन आरोप कधी कधी खरेही असतात. पण चौकशीला निघालेला माणूस बहुधा भिंतीपाशीच थांबतो. भिंत ज्या मातीवर उभी आहे तिला कुणी काही विचारत नाही. मी इमारतींचा अभियंता नव्हे. कॉलेजात भूगोल शिकवणारा माणूस आहे, आणि माझे काम दगड-मातीचे. म्हणून आज मला एवढेच सांगायचे आहे की, पायाची चौकशी मातीत करावी, आणि शक्यतो घर बांधण्याच्या आधी करावी.

प्रथम काळी माती म्हणजे काय ते पाहू. आपले पठार लाव्हारसाच्या थरांचे बनलेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा रस थरावर थर साचत गेला आणि त्याचा काळा पाषाण झाला. ऊन, पाऊस आणि काळ यांनी हा पाषाण कुजवला, त्याचा आधी मुरूम झाला आणि शेवटी माती. या मातीत चिकणमातीचे कण फार. हा कण इतका बारीक की, एका मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षाही तो लहान असतो. त्यातही आपल्या काळीत जो विशेष खनिज असतो त्याला शास्त्रज्ञ माँटमोरिलोनाइट म्हणतात. फ्रान्समधल्या माँमोरिलाँ या गावावरून हे नाव पडले. नाव अवघड असले तरी त्याची करणी आपल्या ओळखीची आहे. या खनिजाचे कण पोथीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी आले की ते या पानांच्या मध्ये शिरते आणि पोथी फुगते. पाणी गेले की पाने पुन्हा जवळ येतात आणि पोथी आकसते.

शेतकरी बंधूंना हे मी वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात काळ्या रानाला केवढ्या भेगा पडतात! हातातली काठी सहज आत जाते. आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की त्याच भेगा मिटतात आणि पाय उचलत नाही एवढा चिखल होतो. पिकाला या स्वभावाचा फायदा आहे. ही माती ओल धरून ठेवते, म्हणून तर पावसाळा संपल्यावरही रब्बीची ज्वारी त्या ओलीवर येते. पण ज्या गुणाने ती ज्वारी पोसते त्याच गुणाने ती भिंत हलवते. शेत दर वर्षी खालीवर झाले तरी आपल्याला कळत नाही. त्यावर घर ठेवले म्हणजे कळते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण समजतो की, भारी इमारतीला धोका जास्त आणि आपल्या एकमजली घराला कमी. काळ्या मातीत पुष्कळदा उलटे घडते. माती फुगताना वर दाबते. मोठ्या इमारतीचे वजन त्या दाबाला दाबून धरते. आपले घर हलके, त्याला माती सहज उचलते. आणि ती सगळे घर सारखे उचलत नाही, हीच खरी अडचण आहे. सगळे घर एकदम दोन बोटे वर गेले आणि खाली आले तर एकही भेग पडणार नाही. पण भिंतीकडेची माती उन्हाळ्यात लवकर सुकते, फरशीखालची सावलीतली माती सुकत नाही. कडा खाली जातात, मध्य तसाच राहतो. मग विटांची भिंत, जिला वाकता येत नाही, ती तडकते.

आता चौकशी कशी करावी ते सांगतो. पहिला साक्षीदार म्हणजे ती भेग स्वतः. ती पाहण्याची एक रीत आहे. भेग वरच्या बाजूला रुंद आणि खाली बारीक असेल, तर बहुधा भिंतीची टोके खाली गेली आहेत किंवा मध्य वर आला आहे. भेग खाली रुंद आणि वर बारीक असेल, तर मध्य खचला आहे. नुसत्या गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील, तर तो गिलाव्याचा दोष, पायाचा नव्हे. त्यासाठी रात्रीची झोप घालवू नये.

दुसरा प्रश्न ऋतूचा. भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते काय? तसे होत असेल तर फुगणाऱ्या मातीवर संशय घ्यायला मोठा आधार मिळाला. भेग ऋतू न पाहता वाढतच चालली असेल तर कारण दुसरे असते. खाली भरावाची माती असेल, बुजवलेला आड असेल, जुनी खाण असेल. आणि पांढरीतले लोक निर्धास्त राहतील, तर त्यांनाही सांगतो. जुन्या पांढरीखाली धान्याची पेवे असतात, पडक्या घरांचा राडारोडा असतो, राख असते. ती माती फुगत नसली तरी भाराखाली बसते. म्हणून जागा नावाने पांढरी आहे एवढ्यावर भागत नाही.

भेग हलते की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये, कारण काळजीत असलेल्या माणसाला ती रोजच वाढलेली दिसते. काचेची एक पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवावी आणि दोन्ही टोकांना सिमेंटने पक्की करावी. भिंत हलली की काच तडकते. किंवा भेगेच्या दोन बाजूंना दोन खिळे ठोकावेत आणि महिन्याच्या महिन्याला त्यांच्यातले अंतर मोजून तारखेसह वहीत लिहावे. शिक्षक मित्रांनो, शाळेच्याच भिंतीला भेग असेल तर हे काम सातवी-आठवीच्या मुलांवर सोपवा. एका वर्षाच्या बारा नोंदी झाल्या की, कुठल्याही अभियंत्याला त्या वहीचा उपयोग होईल.

तिसरा साक्षीदार म्हणजे भोवतालचा परिसर. पाणी कुठे मुरते? मोरीचे, नळाचे, टाकीच्या सांडीचे पाणी जोत्यापाशी जिरते काय? पागोळ्या भिंतीलगत पडतात काय? आणि झाडे कुठे आहेत? झाड दिसायला गरीब असते, पण त्याची मुळे उन्हाळ्यात खोलवरची ओल ओढून घेतात आणि तेवढी माती आकसते.

चौथा आणि शेवटचा साक्षीदार म्हणजे खड्डा. भिंतीलगत, पण पायाला धक्का न लावता, एक खड्डा घ्यावा. पाया कुठे संपतो, त्याच्याखाली काय आहे, काळी किती खोल जाते, मुरूम कुठे लागतो, हे थराथराने पाहावे. दर हातभर खोलीवरचे ढेकूळ काढून वेगळे ठेवावे. ओले करून तळहातांत वळावे. शेवईसारखी बारीक, न तुटणारी वळी झाली तर माती चिकण. वळी होताना तुटली, हाताला खरखर लागली, तर रेती किंवा मुरूम जास्त. मात्र खोल खड्ड्याच्या बाजू ढासळतात. माणूस छातीइतक्या खोलीच्या खाली आधारावाचून उतरू नये, आणि भेग गेलेल्या भिंतीशेजारी तर मुळीच उतरू नये. खोलवरची माती मातीच्या गिरमिटाने वरूनच काढता येते.

एका गावातली हकीकत सांगतो. गोदावरीच्या खोऱ्यातले गाव. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत. चार खोल्यांची शाळा नवीन जागेत बांधली होती. तिसऱ्या वर्षी दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला तिरपी भेग गेली, हात शिरेल एवढी. पालकांनी त्या खोलीत मुले बसवायला नकार दिला आणि एक वर्ग व्हरांड्यात भरू लागला. ठेकेदाराने माल खाल्ला हा निकाल गावाने आधीच देऊन टाकला होता. मुख्याध्यापकांच्या बोलावण्यावरून माझे एक अभियंता मित्र आणि मी तिथे गेलो.

आम्ही भेग पाहिली तेव्हा वैशाख होता. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, नवल बघा. गणपतीत या भेगेत पोस्टकार्डसुद्धा जात नव्हतं." आम्हाला निम्मे उत्तर तिथेच मिळाले. मग आम्ही इमारतीला फेरी घातली. एका टोकाला पाण्याची टाकी होती. तिची तोटी गळत होती आणि सांडपाणी जोत्याशी मुरत होते. दुसऱ्या टोकाला, भिंतीपासून सात-आठ फुटांवर, मुलांनी हौसेने लावलेली दोन निलगिरीची झाडे होती. ती छपराच्या वर गेली होती. दोन्ही टोकांना खड्डे घेतले. टाकीकडची माती पाच फुटांवर लोण्यासारखी मऊ निघाली. झाडांकडची माती तेवढ्याच खोलीवर विटेसारखी कडक होती आणि तिच्यात केसासारखी मुळे होती. एकाच इमारतीच्या एका टोकाला बारमाही ओल आणि दुसऱ्या टोकाला तहान. मधली भिंत बिचारी दोघांच्या ओढाताणीत फाटली.

पण पुढचा प्रश्न महत्त्वाचा होता. पाया तीन फूट खोल होता. काळी नऊ फूट होती, मग मुरूम. तीन फुटांवर पाया का थांबला? ठेकेदाराने कागद दाखवला. कागदात तीनच फूट होते. कागद करणाऱ्यांनी डोंगराकडच्या एका गावासाठी केलेले अंदाजपत्रक इथे लावले होते. तिथे दोन फुटांवर मुरूम लागतो, तीन फूट पाया तिथे उत्तमच. गावचा म्हातारा गवंडी म्हणाला, "मी म्हटलं होतं, साहेब, अजून खाली जाऊ या. पण मला कोण विचारतो!" म्हणजे माल बरोबर होता, कागदाप्रमाणे काम बरोबर होते. फक्त त्या जागेची माती कशी आहे हे कुणी पाहिले नव्हते.

टाकीचे पाणी पक्क्या गटाराने दूर नेले, झाडे काढली, जोत्याभोवती उताराची फरशी केली. झाडे काढल्यावर तिथली माती पुन्हा ओल धरून फुगते, म्हणून भिंतीची दुरुस्ती घाईने केली नाही, दोन पावसाळे जाऊ दिले. भेग पुढे थोडी हलत राहिली, पण वाढली नाही. मुले खोलीत परत बसू लागली. पाया मात्र तीन फुटांचाच राहिला. घर झाल्यावर पाया खोल करणे म्हणजे चालत्या गाडीचे चाक बदलण्यासारखे आहे. होते, पण फार महाग पडते.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, बांधण्याआधी एक खड्डा खणून पाहू. पण किती खोल? या प्रश्नाचे उत्तर अभियंत्यांना एका धान्याच्या कोठाराने शिकवले. ते कोठार आपल्याकडचे नव्हे, माती आपल्यासारखी नव्हे, पण धडा सर्वांच्या उपयोगाचा आहे.

कॅनडा देशात विनिपेग शहराजवळ नॉर्थ ट्रान्सकोना येथे एका रेल्वे कंपनीने गहू साठवण्यासाठी एक प्रचंड कोठार बांधले. काँक्रीटच्या पासष्ट उंच गोल कणग्या एकमेकींना चिकटून, एकाच काँक्रीटच्या चौथऱ्यावर उभ्या. त्यात दहा लाख बुशेल गहू मावे. १९१३ च्या सप्टेंबरात गहू भरायला सुरुवात झाली. १८ ऑक्टोबरला सुमारे पावणेनऊ लाख बुशेल, म्हणजे जवळजवळ २४ हजार टन गहू भरलेला असताना कोठार खचू लागले. तासाभरात ते फूटभर खाली गेले. मग एका अंगाला कलू लागले, आणि एका दिवसात ओळंब्यापासून सुमारे २७ अंशांनी कलून थांबले. गंमत अशी की, कणग्या फुटल्या नाहीत. काँक्रीट इतके चांगले होते की, सगळे कोठार एकसंधच कलले. पुढे १९१४ साली खालच्या खडकापर्यंत काँक्रीटचे खांब उतरवून आणि उंच राहिलेल्या बाजूखालची माती उकरून ते पुन्हा सरळ करण्यात आले व वापरात आले.

बांधण्यापूर्वी तिथली जमीन पाहिलीच नव्हती असे नाही. पायाच्या पातळीपर्यंत खणून, लहानशा जागेवर वजन ठेवून ती तपासली होती, आणि ती टणक आढळली होती. मग चुकले काय? पाय मातीवर ठेवला तर त्याचा भार वीतभर खोलीपर्यंत जाणवतो. बैलगाडीचा भार त्याहून खाली जातो. भाराची रुंदी जितकी मोठी तितका तो खोल पोचतो, साधारणपणे रुंदीच्या दीडपट-दुपटीपर्यंत. लहान तबकडीवरच्या वजनाने वरच्या टणक थराचीच परीक्षा घेतली. कोठार तर अनेक मीटर रुंद होते. त्याचा भार खालच्या मऊ चिकणमातीपर्यंत पोचला. ती माती एका जुन्या, कधीच आटून गेलेल्या हिमयुगीन सरोवराच्या तळाची होती. तिने तो भार पेलला नाही.

त्या वेळी मातीचे शास्त्र नीटसे जन्मालाही आले नव्हते. कार्ल तेर्झागी या अभियंत्याचा मातीच्या यांत्रिकीवरचा पायाभूत ग्रंथ १९२५ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झाला. पुढे १९५१ साली, म्हणजे अपघाताला अडतीस वर्षे झाल्यावर, राल्फ पेक आणि त्यांचे सहकारी यांनी ट्रान्सकोनाच्या त्या जागेजवळ खोल भोके पाडून मातीचे नमुने काढले. नव्या शास्त्राने हिशोब मांडला, आणि माती किती भार पेलेल याचे उत्तर, कोठार ज्या भाराला कलले त्या भाराशी जवळजवळ जुळले. म्हणजे मातीने काहीही अनपेक्षित केले नव्हते. तिला योग्य खोलीवर विचारले असते तर तिने १९१३ पूर्वीच सांगितले असते.

आपल्या घरासाठी याचा अर्थ काय? आपल्या घराची भिंत अरुंद, तिचा भार फार खोल जात नाही. पण काळ्या मातीत दुसरी मोजणी लागते. ऋतूप्रमाणे ओल किती खोलीपर्यंत कमीजास्त होते, ही ती मोजणी. खोल काळ्या जमिनीत हा फरक सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे अकरा-बारा फुटांपर्यंत जाणवतो असे धरतात. तेव्हा चाचणी तेवढ्या खोलीपर्यंत, किंवा त्याआधी पक्का मुरूम लागला तर तिथपर्यंत घ्यावी. प्लॉटच्या एकाच कोपऱ्यात न घेता दोन-तीन ठिकाणी घ्यावी. शिवाय शेजारच्या विहिरीच्या उघड्या बाजू पाहाव्यात. काळी कुठवर, चुनखडीचे खडे कुठवर, मुरूम कुठे, पाषाण कुठे, हे तिथे फुकट वाचायला मिळते. विहीर खणणारे आणि बोअर मारणारे लोक गावची जमीन जितकी जाणतात तितकी दुसरे कुणी जाणत नाही. त्यांना विचारायला लाजू नये.

माती फुगीर आहे की नाही हे पाहण्याचा एक सोपा प्रयोग शिक्षकांसाठी सांगतो. भारतीय मानकांत तो १९७७ पासून नोंदलेला आहे. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळून घ्यावी. दहा-दहा ग्रॅमचे दोन वाटे करावेत. शंभर मिलिलिटरच्या दोन मापनपात्रांत एकेक वाटा घालावा. एकात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात रॉकेल शंभरच्या खुणेपर्यंत भरावे. काडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढावेत आणि चोवीस तास न हलवता ठेवावे. रॉकेलजवळ दिवा, शेगडी आणू नये, हे मुलांना आधी बजवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी तळाशी बसलेल्या मातीची दोन्ही मापे वाचावीत. समजा, रॉकेलमध्ये माती १२ च्या खुणेपर्यंत आहे आणि पाण्यात २० च्या. वाढ ८ ची. ८ ला १२ ने भागून १०० ने गुणले तर सुमारे ६७ टक्के होतात. ही वाढ ५० टक्क्यांच्या वर गेली तर माती अतिशय फुगीर समजतात. वीसच्या आत असेल तर काळजी कमी. शाळेतला हा प्रयोग प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा घेणार नाही, पण अहवाल मागवायला हवा की नको हे नक्की सांगेल.

आणि माती फुगीर निघाली तर? घर बांधूच नये काय? तसे मुळीच नाही. मुरूम चार-पाच फुटांवर असेल तर पाया सरळ त्यावर टेकवावा. काळी खोल असेल तर रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या काळ्या जमिनीसाठी विकसित केलेली खांबांची पद्धत आहे. गिरमिटाने बारा फुटांच्या आसपास खोल भोक पाडायचे, तळाशी ते कापून खांबाच्या जाडीच्या सुमारे अडीचपट रुंद करायचे, आणि त्यात लोखंड व काँक्रीट भरायचे. मुळ्याच्या टोकाला कांदा लागावा तसा हा खांब दिसतो. वरची माती कितीही खालीवर झाली तरी तळचा कांदा स्थिर मातीत रुतून बसतो. खांबांच्या डोक्यांवर तुळई टाकून तिच्यावर भिंत उचलतात. तुळई आणि माती यांत थोडी पोकळी ठेवतात, म्हणजे फुगणाऱ्या मातीचे डोके तुळईला लागत नाही.

दुसरा मार्ग मुरमाचा. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले की, काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा सुमारे मीटरभर थर दाबून बसवला, तर खालच्या मातीचे फुगणे पुष्कळ आवरते. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ही पद्धत वापरली गेली. आपल्याकडचा चिकट मुरूम यासाठी कामाला येतो. नुसती रेती मात्र येत नाही, कारण ती पाणी आत घेऊन काळीपर्यंत पोचवते.

यातली कोणती रीत आपल्या जागेला लागू, हे अभियंत्याने मातीचा अहवाल पाहूनच ठरवावे. पण काही गोष्टी प्रत्येकाच्या हातातल्या आहेत. जोत्याभोवती चार-पाच फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरशी करावी. मोरीचे आणि छपराचे पाणी दूर न्यावे. शोषखड्डा भिंतीपासून लांब घ्यावा. झाडे जरूर लावावीत, पण झाड मोठे झाल्यावर जेवढे उंच होईल साधारण तेवढ्या अंतरावर. आणि जोत्याच्या पातळीवर सगळ्या भिंतींवरून लोखंड घातलेली काँक्रीटची एक सलग पट्टी फिरवावी, म्हणजे घराला कमरपट्टा मिळतो.

हे ऐकून कुणी म्हणेल, माती तपासायला पैसे लागतात. लागतात, हे खरे. पण आपण दाराच्या कडीकोयंड्यावर, दर्शनी भिंतीच्या रंगावर जो खर्च करतो त्याच्याशी एकदा तो ताडून पाहावा. रंग दर दिवाळीला पुन्हा लावता येतो. पाया एकदाच घालता येतो, आणि तो पुन्हा दिसत नाही.

ग्रामपंचायतींना माझी एक विनंती आहे. गावात जिथे जिथे विहीर, बोअर, पाया खणला जाईल तिथे किती फुटांवर काय लागले याची नोंद एका वहीत ठेवावी. शिक्षकांनी गावचा नकाशा काढून त्यावर हे आकडे मुलांकडून भरून घ्यावेत. दहा वर्षांत गावाजवळ स्वतःच्या जमिनीचा असा नकाशा होईल की, पुढच्या घरबांधणीला दुसऱ्या गावचे अंदाजपत्रक चिकटवण्याची हिंमत कुणी करणार नाही. जुन्या लोकांनी काळी आणि पांढरी असे दोनच शब्द ठेवले होते, पण त्यांत जमिनीची पारख होती. आपली वस्ती आता काळीत आली आहे. तेव्हा काळीचा स्वभाव ओळखूनच तिच्यावर घर ठेवावे.